जीपीओने (ग्रुप पॉलिसी, सगळ्या पीसींना एकाच जागेवरून सेटिंग देणारी) मायक्रोसॉफ्ट ऑफिस इन्स्टॉल होत नाहीये, मदत हवी

महापेकर:
महापेला ऑफिस आहे आमचं, साठेक पीसी, सगळे डोमेनवर (एकाच ठिकाणाहून सांभाळलेलं नेटवर्क). ग्रुप पॉलिसीत सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशनला एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) द्यायला गेलो तर एमएसआयच नाही, नुसती सेटअप फाइल. मग स्टार्टअप स्क्रिप्ट (पीसी सुरू होताना आपोआप चालणारी) लावली, तर काही पीसीवर काहीच होत नाही, काहींवर अर्धवट राहतं आणि मी लॉगिन करून तीच स्क्रिप्ट चालवली की मात्र व्यवस्थित होतं. सकाळी लोक विचारतात एक्सेल कुठाय, काय सांगू त्यांना?

वागळे इस्टेटवाला:
एमएसआय शोधत बसू नका, आताचं ऑफिस क्लिक-टू-रन असतं, म्हणजे एमएसआयशिवाय स्वतःच्या सेटअपने बसणारं. मायक्रोसॉफ्टचंच ऑफिस डिप्लॉयमेंट टूल घ्या, एक्सएमएल (काय टाकायचं ते लिहिलेली फाइल) बनवा, स्क्रिप्टमधून सेटअपला कॉन्फिगर स्विच द्या. आणि स्टार्टअप स्क्रिप्ट तुमच्या नावाने नाही, त्या कॉम्प्युटरच्या अकाउंटने चालते हो, म्हणून सेटअप ठेवलेल्या शेअरवर (नेटवर्क फोल्डर) डोमेन कॉम्प्युटर्सना रीड परमिशन हवी, शेअरची पण आणि एनटीएफएसची (डिस्कवरच्या त्या फोल्डरची) पण. बहुतेक इथेच अडलंय.

ऐरोली_आयटी:
अर्धवटचं कारण वेगळं वाटतं. स्क्रिप्टला डीफॉल्ट 600 सेकंदच मिळतात, स्लो लाइनवर एवढ्यात ऑफिस कुठलं उतरतंय! जीपीओत ती वेळ वाढवा. स्टार्टअपला नेटवर्कची वाट बघायची पॉलिसी पण ऑन करा, नाहीतर शेअर दिसायच्या आधीच स्क्रिप्ट चालून मोकळी.

महापेकर:
परमिशन दिली, चालू झालं, खूप आभार! काही पीसीवर जुनं 32 बिट ऑफिस 2010 आहे, ते राहू देऊ का?

वागळे इस्टेटवाला:
नको, 64 बिट टाकताना अडेल. एक्सएमएलमध्ये रिमूव्हएमएसआय (जुनं एमएसआयवालं ऑफिस काढणारी सेटिंग) टाका, आधी एकाच पीसीवर करून बघा.