बचत गटाला उद्योग लावून द्यायचाच कशाला?

वहीखाते: 'वस्तीतल्या प्रत्येक गटाला एकेक उद्योग लावून द्या, गरिबी हटेल' ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. गट बनतो बचतीसाठी: ठरलेली बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, नीट वही. त्याच दहा जणींवर चकलीचा धंदा लादला की तळायला तिघी, नफ्याला दहा. तिथे भांडण लागतं आणि बचतही मोडते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा फिरता निधी, म्हणजे आतल्या आत कर्जाला फिरवायचे पैसे, गटाला १०,००० रुपये होता. बाईमागे हजार! त्यात तेलाचा १५ किलोचा डबाही येत नाही.

गिरगावकर: भांडवलाचं रडगाणं पुरे. लिज्जत १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं.

वहीखाते: लिज्जत बचत गट नाहीच! पीठ केंद्रात मळतात, बायका घरी लाटून, वाळवून पापड परत देतात आणि वजनावर मजुरी घेतात. उडीद, विक्री, उधारी सगळं संस्थेच्या डोक्यावर. केरळ सरकारच्या कुटुंबश्री या महिला अभियानानेही शेजारगट, म्हणजे तिथले बचत गट, आणि उद्योगाचं युनिट वेगळं ठेवलं. ज्यांना धंदा करायचाय त्याच युनिटमध्ये.

पुडीवाला: खरा मार बसतो पॅकिंगमध्ये. चकली गरम असतानाच पुडीत भरतात, वाफ धरते, दोन दिवसांत मऊ. मेणबत्तीवर चिकटवलेली पातळ पिशवी हवा आत घेते, मग तेल खवट. पूर्ण गार करा, जाड थराचं पाऊच, सीलिंग मशीन.

गिरगावकर: आणि लेबल? निव्वळ वजन, किंमत, तारीख, अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ आकडी नंबर. नसेल तर दुकानदार माल ठेवत नाही. नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये, तेवढं जमत नाही?

वहीखाते: शंभर रुपयांवर अडतंच कुठे? अडतं पत्त्याच्या पुराव्यावर. भाड्याच्या खोलीत तळतात, मालक संमतीपत्र देत नाही. गटाची वही कधी उघडून बघितलीत? किराणावाल्याला रोख द्यावे लागतात आणि दुकानदार म्हणतो, 'विकलं तर पैसे, महिन्याने या.' त्या महिन्यात गटाचं कर्ज महिना शेकडा दोनने चालूच असतं.

पुडीवाला: उधारीपुढे पॅकिंग हरतं, एवढं मान्य. पण मऊ चकली रोखीनेही कुणी घेणार नाही.

गिरगावकर: मग मशीन घ्यायचं कुणी? तेही शेकडा दोनने?

वहीखाते: नाही, वस्तीतल्या गटांच्या वस्तीस्तर संघाने. त्याला त्याच अभियानातून ५०,००० रुपयांचा फिरता निधी मिळायचा. पाच-सहा गटांनी वार ठरवून एकच मशीन वापरावं, तेलही एकत्र घाऊक घ्यावं. तळायचं मात्र ज्यांना परवडतं त्यांनीच. बाकीच्यांची बचत चालू राहू द्या.