आखाडातला शेवटचा शनिवार-रविवार आणि ५०४ च्या कापण्या (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

शनिवार

सी-२०२ वहिनी, सकाळी ८:०४
सुप्रभात मंडळी. सोमवारी एकादशी, गुरुवारी दिव्याची अवस, शुक्रवारपासून श्रावण. म्हणजे हातात काय ते आज आणि उद्या. कोणाकडे काय बेत?

बी-४०३ दादा, ८:०६
हा काय विचारायचा प्रश्न झाला वहिनी? मटण. उद्या सहाच्या ठोक्याला रांगेत. मागच्या वर्षी साडेसातला गेलो, माझ्यापुढं चाळीस माणसं. शेवटी पदरात पडली ती मान.

बी-३०२ काकू, ८:०९
आमचं ठाण्याचं सासर. तिकडे गटारी म्हटल्याशिवाय कोंबडीसुद्धा शिजत नाही. दोन किलो सांगून ठेवली आहे.

ए-३०१ काका (सेक्रेटरी), ८:११
"गटारी नव्हे, दीप अमावास्या! आपल्या संस्कृतीचा..." पुढे वाचा
(फॉरवर्ड केलेला मेसेज)

बी-३०२ काकू, ८:१२
काका, हा दरवर्षीचाच आहे. गेल्या वर्षी तुम्हीच टाकला होता आणि संध्याकाळी आमच्याकडे रस्सा प्यायला आला होतात.

ए-३०१ काका (सेक्रेटरी), ८:१५
फॉरवर्ड ही वैचारिक भूमिका आहे. रस्सा हा शेजारधर्म.

सी-२०२ वहिनी, ८:१९
आम्हा मालवणवाल्यांचे मात्र हाल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद. आता बाजारात सुरमई दिसते ती बर्फातली, डोळे बघितले तरी कळतं. मी नाही आणत. उद्या सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची खिचडी. आईने मे महिन्यात पाठवलेले सोडे पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवले होते, नाहीतर जूनमध्येच संपतात. कोमट पाण्यात दहा मिनिटं टाकायचे, पिळून कांद्यावर परतायचे, बटाटा, तांदूळ आणि शेवटी नारळाचं दूध. बाहेर पाऊस हवा, बाकी काही नको. पापडही नको.

ए-२०३, ८:२४
खिचडी करा हो, पण डक्टकडची खिडकी बंद ठेवाल का? मागच्या वेळी आमच्या देवघरापर्यंत वास आला होता. राग नसावा.

सी-२०२ वहिनी, ८:२६
ठेवीन की. राग कसला. तुमच्या हिंगाच्या फोडणीने आमच्याकडे रोज सकाळी आठ वाजतात, आम्ही कधी घड्याळ लावत नाही.

ए-२०३, ८:२७
हा मेसेज हटवला गेला आहे

ए-४०२ काकू, ८:३३
वासाचं पुढच्या मीटिंगला बघू. करटुली हवी असतील तर आत्ता मंडईत जा. मावळातल्या बायका बाहेरच्या बाजूला पोतं टाकून बसल्यात. ८० रुपये पाव. महाग आहेत, पण चार-सहा आठवड्यांची तर गोष्ट. लहान, हिरवीगार, काटे मऊ असलेली घ्या. पिवळट घेतलीत तर आत बिया दगडासारख्या निघतात. मी लोखंडी तव्यावर करते, पाण्याचा थेंब नाही, भरपूर कांदा आणि वर ओलं खोबरं. फोडशीची जुडीपण आणली आहे. ती निवडायला एक तास जातो, प्रत्येक पात्याच्या बुडाचा पांढरा दांडा काढावा लागतो. पण निवडायला बसवलेल्या सुनेला माझ्याकडची सगळी बातमी मिळते, तिचा तोटा नाही.

सी-१०३ ताई, ८:४०
आमच्या नागपूरकडचा गोळाभात करतेय. डाळीच्या भरड्याचे गोळे भातातच वाफवायचे आणि ताटात वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. तेल ओतताना हात आखडणाऱ्यांनी गोळाभात करू नये, इतकंच सांगते.

बी-२०४, ८:४४
आमच्याकडे काही नाही. उरलेल्या पोळ्या, कुस्करा, शेंगदाणे, वर लिंबू. शनिवारी सकाळी ह्या पुण्यात निम्म्या घरांत हेच असतं, फक्त ग्रुपवर कुणी टाकत नाही.

सी-१०३ ताई, ८:४५
खरंय. आत्ता तेच खातेय.

बी-३०२ काकू, ८:४५
मीपण. आणि दह्याबरोबर.

बी-४०३ दादा, ८:४७
मीपण, पण माझ्यात अंडं फोडलंय.

बी-५०४, ८:५८
नमस्कार. मी ५०४ मध्ये भाड्याने राहतो. इथे पहिल्यांदाच लिहितोय. आई फोनवर म्हणाली आखाड आहे, घरात काहीतरी तळायचं असतं, कापण्या कर, त्या गुळाच्या, शंकरपाळ्यासारख्या. काल रात्री केल्या. फोटो टाकतो. ह्या खातात कशा?
(फोटो)

बी-३०२ काकू, ८:५९
दिसायला तर छान आहेत की!

बी-५०४, ९:००
दिसायला छान आहेत. एक खाली पडली तर खण्ण आवाज आला. रूममेटने आधी फरशी बघितली.

ए-१०१ माई, ९:०६
बाळा मी बोलून टाईप करते आहे म्हणून चूक झाली तर समजून घे. मोहन किती घातलंस.

बी-५०४, ९:०७
मोहन म्हणजे ते कडकडीत तेल का? आई म्हणाली होती कडकडीत तेल घाल. मला वाटलं तळायचं तेल कडकडीत कर म्हणते आहे. पिठात नाही घातलं.

ए-१०१ माई, ९:०८
अरे देवा. आणि पाणी.

बी-५०४, ९:०८
आई म्हणाली पीठ मागेल तेवढं.

ए-१०१ माई, ९:०९
बरोबर सांगितलं तिने.

बी-५०४, ९:०९
पीठ मला काही बोललंच नाही. मग मीच ठरवलं.

एडिसन (पूर्वीचे बी-२०१), ९:१६
इकडे अमेरिकेत शुक्रवारची रात्र, पावणेबारा. मुलं झोपली, मी हसतोय. ५०४, तुला सगळ्या शुभेच्छा. मी इथे पहिल्या वर्षी पुरणपोळी केली होती, ती शेवटी चमच्याने खाल्ली. आता उद्याची मिसळ आहे. मटकीला मोड येत नव्हते, थंडी आणि एसी. मग ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवायला लागलो. ओव्हन चालू नाही करायचा, फक्त दिवा. एका रात्रीत बोटभर मोड. बायको एकदा न बघता ओव्हन तापवून मोकळी झाली, त्या दिवशी आम्ही भाजलेली मटकी खाल्ली.

ए-१०१ माई, ९:२१
ते राहू दे. ५०४ तू ऐक. गूळ पाण्यात घालून गरम केलास आणि गरमच पिठात ओतलास ना.

बी-५०४, ९:२२
हो. तुम्हाला कसं कळलं?

ए-१०१ माई, ९:२४
मग पीठ चिकट झालं. मग तू वरून कोरडं पीठ घातलंस. मग घट्ट झालं म्हणून पाणी. मग पुन्हा पीठ. होय ना.

बी-५०४, ९:२४
तीन वेळा.

ए-१०१ माई, ९:३१
म्हणून दगड झाले. आता लिहून घे. कणीक दोन वाट्या, बेसन दोन चमचे, चवीला मीठ, बडीशेप कुटून. त्यात पाव वाटी तेल कडकडीत करून ओत, चमच्याने हलव, निवलं की हाताने चोळ. मूठ वळून बघ. मुटका झाला आणि बोटाने दाबल्यावर मोडला की मोहन पुरे. मुटका होतच नसेल तर आणखी चमचाभर. हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. गूळ पाऊण वाटी, पाणी अर्धी वाटी, विरघळेपर्यंतच गरम कर, उकळायचं नाही. गाळून घे, गुळात काड्या असतात. आणि पूर्ण गार होऊ दे. गार म्हणजे गार. मग त्या पाण्यात घट्ट मळ, लागेल तसं घाल, सगळंच संपवलं पाहिजे असं नाही. पाऊण तास झाकून ठेव. लाटताना वर खसखस पसर आणि एकदा लाटणं फिरव म्हणजे तेलात सुटत नाही. जाड लाट. मंद आंच. पहिला घाणा सोडलास की लगेच झारा घालू नकोस.

बी-५०४, ९:३३
माई, खूप आभार. वाटी कुठली?

ए-१०१ माई, ९:३४
वाटी म्हणजे वाटी. आमटीची.

बी-२०४, ९:३५
संपलं. आता हा परत फसला.

बी-५०४, ९:३६
आमच्याकडे वाटी नाही, मग आहेत.

ए-१०१ माई, ९:३८
मग सगळं एकाच मगने माप. मगने मग, वाटीने वाटी. भांडं बदललं नाही की झालं. गूळ जास्त झाला तर तेलात विरतात हे लक्षात ठेव. आमच्या साताऱ्याकडे आखाडात मंगळवारी शुक्रवारी लक्ष्मीआईला निवद असायचा, सगळ्या आळीत तळणाचा वास. नवी लग्न झालेली मुलगी आखाडात माहेरी आलेली असायची. परत जाताना बरोबर कापण्यांचा डबा. माझ्याबरोबर आईने पितळेचा दिला होता, तो अजून आहे. दुपारी चारला मी वर येते, लिफ्ट चालू आहे ना.

ए-३०१ काका (सेक्रेटरी), ९:४०
बी विंगची लिफ्ट चारपर्यंत चालू होईल. मी स्वतः बघतो.

सी-१०३ ताई, ९:४१
तीन महिने आम्ही सांगतोय, तेव्हा नाही झाली. कापण्या म्हटल्यावर होते!

रविवार

बी-४०३ दादा, दुपारी १२:४८
(फोटो) (फोटो)
तांबडा, पांढरा, सुकं. सकाळी ६:१० ला दुकानात होतो, नंबर तिसरा.

बी-३०२ काकू, १२:५०
दादा, पांढरा माझा दर वेळी फुटतो. काय करता?

बी-४०३ दादा, १२:५६
दोन गोष्टी. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, उकळत असताना नारळाचं दूध ओतायचं नाही, गॅस बंद करून आधी जरा निवू द्यायचं. आणि दूध पडल्यावर पुन्हा उकळी आणायची नाही, नुसतं गरम. वाटणात काजू, खसखस, तीळ अगदी गंधासारखं बारीक. तिखटाला फक्त मिरी आणि पांढरेपणासाठी आमच्या अळणीत हळदीचं बोटसुद्धा नाही. आमच्याकडं पांढरा आधी वाटीनं पितात, पोळी-भाकरी नंतर. ज्यांना भातावर घालून खायचा आहे त्यांनी माझ्यासमोर खाऊ नये.

बी-४०३ वहिनी, १:०२
रस्सा खरंच ह्यांनीच केला, ते मान्य. सहा पातेली, दोन कढया, मिक्सरची तिन्ही भांडी आणि ओट्यापासून फ्रिजच्या दारापर्यंत खोबरं. तेवढं मी केलं. सुट्टीचा बेत विचारताना ओटा कोण पुसणार तेही विचारत जा म्हणजे बरं.

सी-२०२ वहिनी, १:०३
टाळ्या.

ए-४०२ काकू, १:०३
टाळ्या. माझ्याकडे हे सांगण्याचीही सोय नाही, आमचे 'हे' चहासुद्धा करत नाहीत.

बी-४०३ दादा, १:०५
हा मेसेज हटवला गेला आहे

ए-२०३, १:३०
सी-२०२ वहिनी, खिचडीचा वास आज आला नाही. धन्यवाद. मुलगा विचारतोय, कॉलेजमध्ये कुणीतरी खायला दिली होती, तशीच असते का. थोडी मिळेल का? माझ्यासाठी नाही.

सी-२०२ वहिनी, १:३१
पाठवते. स्टीलच्या डब्यात देऊ की वेगळ्या?

ए-२०३, १:३३
कागदाच्या वाटीत द्या. घरात कळायला नको.

ए-३०१ काका (सेक्रेटरी), १:३४
हा ग्रुप आहे.

ए-२०३, १:३४
हा मेसेज हटवला गेला आहे

बी-५०४, संध्याकाळी ६:२०
काल माई आल्या होत्या. मोहनाची मूठ माझ्याकडूनच वळवून घेतली, चार वेळा. दोनदा ओरडल्या. झारा हातातून काढून घेतला. आज सकाळी मी एकट्याने दुसरा घाणा काढला. दात लावला की तुटतात, आणि आत गुळाचा पोत कळतो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवल्या. ती म्हणाली, मी हेच तर सांगितलं होतं.
माई काल डब्यातून लाडू घेऊन आल्या होत्या. डबा रिकामा परत द्यायचा नसतो एवढं मलाही माहीत आहे. त्यात कापण्या भरून रूममेटबरोबर खाली पाठवल्या आहेत. काकांनाही एक पुडी, लिफ्टबद्दल.

सी-१०३ ताई, ६:२४
शिकला हो. गुरुवारी माई दिवे करणार आहेत ना? कणीक-गुळाचे, वाफवलेले. ५०४, तेही बघून घे, त्यात तळण नाही.

ए-१०१ माई, ६:२६
करणार आहे. माझं मोदकपात्र कुणाकडे गेलंय ते गणपतीपासून सापडत नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी बुधवारपर्यंत दारात ठेवा, मी विचारणार नाही कुणी ठेवलं.

बी-२०४, ६:२७
दारात ठेवतो, माई.

ए-१०१ माई, ६:४१
५०४ डबा पोचला. बाळा हा शुक्रवारचा घाणा आहे ना रे.

बी-५०४, ६:४२
काय?

ए-१०१ माई, ६:४२
ताटात ओतल्या तर खण्ण वाजल्या.

बी-५०४, ६:४४
अरेरे. रूममेटने भरताना अदलाबदल केली. मग चांगल्या पुडीत गेल्या वाटतं. काका?

ए-३०१ काका (सेक्रेटरी), ६:५२
अप्रतिम झाल्या होत्या. खुसखुशीत. आत्ताच संपल्या.

बी-५०४, ६:५३
माई, मी आत्ता परत करतो. पीठ आहे, गूळ थोडा कमी आहे.

ए-१०१ माई, ६:५५
आता नको. उद्या एकादशी आहे, परवा कर. ह्या मी चहात टाकल्या आहेत. दहा मिनिटांनी बघते.