मदत हवी आहे: इंग्रजीत नम्रपणे तगादा कसा लावायचा?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेते. बरीच मुलं-मुली हळद आणि बेदाण्याच्या पेढ्यांवर काम करणारी. व्याकरण जमतं त्यांना, पण सूर चुकतो.

मागच्या आठवड्यात एका मुलीनं दुबईच्या गिऱ्हाइकाला लिहिलं, 'यू हॅव नॉट सेंट द पेमेंट. सेंड इट टुडे.' गिऱ्हाईक दुखावलं, मालक तिच्यावर चिडले. पोरगी वर्गात येऊन रडली हो. मराठीत तीच म्हणाली असती, 'तेवढं पेमेंटचं बघा की साहेब.' त्या 'तेवढं'मध्ये आणि 'की'मध्ये सगळा गोडवा आहे, आणि इंग्रजीत नेमके तेच शब्द नाहीत.

मी तिला 'यू' काढायला लावलं: 'वुई हॅवन्ट रिसीव्ड द पेमेंट येट. कुड यू प्लीज चेक?' दोष कुणावरच जात नाही. पण नुसतं 'प्लीज' जोडलं की झालं, असं बाकीच्यांना वाटतं. 'प्लीज सेंड टुडे' हा हुकूमच राहतो, हे कसं पटवू? 'आय हॅव अ डाउट'चंही तसंच. आपण शंका विचारतो, समोरच्याला वाटतं आपला विश्वास नाही.

निर्यातीच्या पत्रव्यवहारात मुरलेलं कुणी आहे का इथं? दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आठवण करताना तुम्ही नेमकी कोणती वाक्यं लिहिता? आणि मालाचा भाव कमी करायला नकार देताना? चार-पाच वाक्यं मिळाली तरी सोमवारी फळ्यावर लिहीन.