थंडी नव्हे, रात्रीचा अखंड अंधार
भांग काय किंवा शेवंती काय, थंडी सुरू झाली की फुलतात, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. थंडीचा हातभार थोडाफार असेलही, पण फुलायचा इशारा रात्रीच्या लांबीवरून मिळतो असं मी ठामपणे म्हणेन. आपण सवयीने 'दिवस लहान झाला की' म्हणतो, आणि १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड यांनी तंबाखूच्या एका जातीवर हे दाखवलं तेव्हा नावही 'शॉर्ट डे' असंच पडलं. पण १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी गोखरूच्या (झँथियम या तणाच्या) रोपांवर लांब रात्रीच्या मधेच काही मिनिटं उजेड पाडला तर रोपं फुललीच नाहीत, आणि दिवसा मधेच अंधार केला तर काही फरक पडला नाही! म्हणजे असं झाड मोजतं ते सलग अंधाराचे तास. मधे पडलेला उजेड ओळखतं ते पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य, आणि लाल उजेड त्याला सगळ्यात जास्त जाणवतो.

माझ्याकडे शेवंतीच्या एका मोठ्या कुंडीत हे अगदी डोळ्यांनी दिसलं, बाहेरचा दिवा रात्रभर चालू असायचा, तर दिव्याकडच्या फांद्या नुसत्या पानांनी भरलेल्या आणि भिंतीकडच्या सावलीतल्या फांद्यांवर वाटाण्याएवढ्या कळ्या, एकाच झाडावर. कुंडी मागच्या अंधाऱ्या बाजूला नेली तर काही आठवड्यांत राहिलेल्या फांद्यांनाही कळ्या धरल्या, खत-पाणी तेच होतं. त्यामुळे फुलं येत नसतील तर खत वाढवण्याआधी रात्री एकदा झाडापाशी उभं राहून बघा, पानांवर उजेड कुठून येतोय ते.