विमानातले प्रवासी हातघाईवर का येतात?

टिळकवाडीकर
बेळगावच्या सांबरा विमानतळावरून, आणि तिथून सोय नसेल तेव्हा गोव्यातल्या मोपाहून किंवा कोल्हापूरहून, आता आपल्या भागातली कितीतरी माणसे आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसू लागली आहेत. विमानात शिवीगाळ किंवा मारहाण झाल्याची बातमी आली की आमच्या कट्ट्यावर ठरलेला निष्कर्ष निघतो : तिकिटे स्वस्त झाली आणि बसमधली गर्दी विमानात शिरली. मला हे पटत नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात दाटीवाटीने रात्र काढणारा माणूस सहसा कोणाच्या अंगावर धावून जात नाही. मग त्याहून कितीतरी कमी वेळाच्या आणि जास्त सोयीच्या प्रवासात लोकांचा तोल नेमका कशामुळे जातो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निपाणीचा पाहुणा
काही वर्षे मी एका मोठ्या विमानतळावर चेक-इन काउंटरवर काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. हवेत उफाळणारे भांडण बहुतेक वेळा जमिनीवरच सुरू झालेले असते. सामानाचे वजन दोन किलो जास्त भरल्याबद्दल पैसे, सुरक्षा तपासणीत पट्टा आणि बूट काढणे, मग उड्डाण अर्धा तास उशिरा, पुन्हा अर्धा तास उशिरा, आणि कारण विचारले तर ‘तांत्रिक अडचण’ एवढेच उत्तर! माणसाला उशीर सोसतो. आपल्याला काहीतरी लपवून ठेवले जात आहे ही शंका सोसत नाही. रेल्वे लोंढा जंक्शनला खोळंबली तर तो खाली उतरतो, चहा पितो, घरी फोन करतो आणि चार शिव्या रेल्वेला घालून मोकळा होतो. विमानाचा दरवाजा बंद झाल्यावर मात्र त्याला उठून उभे राहण्यासाठीही परवानगी लागते.

जानेवारी 2024 मध्ये दाट धुक्यामुळे उत्तर भारतातली उड्डाणे कोलमडली, तेव्हा दिल्लीहून गोव्याला निघालेल्या विमानात उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकावरच एका प्रवाशाने हात उगारला होता. याच सुमारास गोव्याहून दिल्लीला निघालेले एक विमान मुंबईकडे वळवण्यात आले आणि त्यातील प्रवासी धावपट्टीलगतच्या मोकळ्या जागेत जमिनीवर बसून जेवले. मारहाणीचे समर्थन मी करणार नाही. पण दोन्ही ठिकाणचा वैताग एकाच मुळातून आलेला होता.

आणि कट्ट्यावरच्या मंडळींना 2017 ची आठवण करून द्या. पुण्याहून दिल्लीला गेलेल्या विमानात बिझनेस क्लास नव्हता, म्हणून उस्मानाबादच्या तत्कालीन खासदारांनी विमान कंपनीच्या अधिकाऱ्याला चपलेने मारले होते. ते काही पहिल्यांदा विमानात बसलेले गरीब शेतकरी नव्हते.

आकडेमोड
पाहुण्यांच्या शेवटच्या मुद्द्याशी जुळणारे एक संशोधन आहे. कॅथरीन डीसेल्स आणि मायकेल नॉर्टन या अभ्यासकांनी 2016 मध्ये असे मांडले की ज्या विमानात प्रथम वर्ग असतो, तिथे साध्या वर्गातल्या गैरवर्तनाची शक्यता जवळजवळ चौपट आढळते, आणि सर्वांना प्रथम वर्गातून चालत आत यावे लागले तर ती आणखी वाढते. त्यांच्या संख्याशास्त्रीय पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले, त्यामुळे हा आकडा मी डोळे झाकून स्वीकारणार नाही. शिवाय सांबऱ्याला येणाऱ्या पंख्याच्या एटीआर विमानात सगळे एकाच वर्गात बसतात, तिथे हे कारण लागूच होत नाही. नियम लादले गेल्याचा राग मला अधिक महत्त्वाचा वाटतो : अमेरिकेत 2021 मध्ये गैरवर्तनाच्या सुमारे 6000 तक्रारी नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य मास्क घालण्यावरून होत्या.

डॉक्टर, खानापूर रोड
शरीराचा भागही विसरू नये. उड्डाणात केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीपासून साधारण 6000 ते 8000 फूट उंचीवर असावा इतका असतो. बेळगाव जेमतेम अडीच हजार फुटांवर आहे. रक्तातला प्राणवायू थोडा घटतो, कोरड्या हवेने घसा सुकतो, झोप अपुरी असते. निरोगी माणसाला एवढ्याने काही होत नाही, पण पोटात दारू असेल तर गुंगी आणि चिडचिड दोन्ही वाढतात. देशांतर्गत उड्डाणात मद्य देत नाहीत हे खरे, तरी विमानतळावरच पिऊन चढणारे असतातच. विडी-सिगारेटची सवय असलेल्यांची तगमग वेगळी. शौचालयात धूर काढण्यावरून होणारे वाद जगभर नित्याचे आहेत.

वकील, शहापूर
वर उल्लेखलेल्या 2017 च्या प्रकरणानंतर त्याच वर्षी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम कडक केले. शाब्दिक गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत, शारीरिक गैरवर्तनाला सहा महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतणाऱ्या कृत्याला किमान दोन वर्षे प्रवासबंदी होऊ शकते. निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीने तीस दिवसांत निर्णय द्यावा लागतो. मात्र एका कंपनीने घातलेली बंदी दुसरीवर बंधनकारक नसते. माझ्या मते हीच या नियमांतली सर्वांत मोठी फट आहे. पोलिसांत गुन्हा नोंदवण्याचा मार्ग अर्थातच वेगळा खुला असतो.

टिळकवाडीकर
सर्वांचे आभार. एक शंका उरते. उशिराचे खरे कारण आणि अंदाजे वेळ प्रवाशांना पहिल्याच घोषणेत का सांगत नाहीत?

निपाणीचा पाहुणा
बहुतेक वेळा काउंटरवरच्या मुलांनाच ते ठाऊक नसते. धुके कधी विरेल किंवा दुसऱ्या शहरातून येणारे विमान कधी सुटेल, हे नियंत्रण कक्षाकडून तुकड्यातुकड्याने कळते. मोठी वेळ जाहीर केली आणि विमान लवकर सुटायला तयार झाले, तर जेवायला गेलेले प्रवासी परत गोळा करणे कठीण जाते. म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाचे हप्ते पाडले जातात. कंपनीला ते सोयीचे असते. त्याची किंमत पुढे केबिनमधल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुली मोजतात, ज्यांचा त्या उशिराशी काडीचाही संबंध नसतो.