पुढे दोन एक्सल, मागे एक: जुन्या ब्रिटिश लॉऱ्या आणि आपली बारा चाकी

वाडीकर:
लेलँड स्टिअर, एईसी मॅमथ मायनर अशा जुन्या ब्रिटिश लॉऱ्यांना पुढे दोन एक्सल आणि मागे एकच दिसतो. बोजा तर मागे असतो, मग एक्सल पुढे काहून वाढवला? दुसरं, आपल्या बारा चाकी ट्विन-स्टिअरचे (पुढचे दोन्ही एक्सल स्टिअरिंगने वळणाऱ्या गाडीचे) दुसऱ्या एक्सलचे टायर आधी जातात. अलाइनमेंटवाला म्हणतो टो, म्हणजे एका एक्सलच्या दोन चाकांचा आत-बाहेर कल, बरोबर आहे. त्या गाड्यांतही हीच भानगड होती का?

जुनं लोखंड:
आधी कायदा बघा. 1930 च्या दशकात तिकडे चारचाकीला एकूण 12 टन, सहाचाकीला 19, आठचाकीला 22 टनांची मुभा होती, म्हणजे तिसरा एक्सल लावला की सात टन जास्त. मागे एका बाजूला लावलेली दोन टायरची जोडी ते एकच चाक धरतात, म्हणजे पुढे दोन एक्सलवाली ही सहाचाकी (तिकडे तिला ‘चायनीज सिक्स’ म्हणत) आपल्या हिशेबाने आठ टायरची. मागे दोन एक्सलवाल्या सहाचाकीपेक्षा दोन टायर कमी, आणि वळताना मागचे टायर घासत नाहीत.

खरी गंमत माल उतरवताना. मागचा माल आधी उतरला की उरलेला पुढच्या एक्सलवर बसतो. तिथे एकच एक्सल असला तर तो मर्यादेबाहेर जातो, इथे बोजा दोघांत वाटला जातो. पुढचा एखादा टायर फुटला तरी दुसरा एक्सल गाडी सावरतो. पण ओढणारा एक्सल एकच, त्यामुळे ओल्या चढावर किंवा चिखलात चाक जागीच फिरतं. खडी-मातीच्या कामाला ही गाडी नकोच.

 

कमानपाटा:
टायरचं मी सांगतो. टो बरोबर असून टायर जातो, कारण दोन्ही एक्सल एका दिशेला बघत नाहीत. गाडी उभी करून टायरच्या गोट्यांवर (नक्षीच्या उंचवट्यांवर) हात आडवा फिरवा. धार एका एक्सलच्या डाव्या-उजव्या दोन्ही टायरवर आतल्या बाजूला (किंवा दोन्हींवर बाहेरच्या) लागली तर टो बिघडलाय. दोन्हींवर धार एकाच बाजूला, म्हणजे दोन्हींची डावीकडे किंवा दोन्हींची उजवीकडे, तर एक्सलचा मेळ गेलाय.

हवा थंड टायरमध्ये बघा. मे महिन्यात दुपारी नागपुरात घेतलेलं माप धरू नका. मग किंगपिन (ज्यावर चाक वळतं तो खिळा), बॉल जॉइंट आणि मधल्या रिले लिव्हरचा (स्टिअरिंगची हालचाल दुसऱ्या एक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचा) बुश. हा बुश सैल असला की पुढचं सगळं माप खोटं, आणि नेमका तोच कोणी बघत नाही. नंतर दोन्ही एक्सलचा टो वेगवेगळा लावा. स्टिअरिंग बॉक्स मध्यावर अडकवा, पहिला एक्सल त्याच्या ड्रॅगलिंकने (स्टिअरिंगकडून चाकाला जाणाऱ्या दांडीने) सरळ करा, आणि शेवटी दुसरा फक्त रिले लिव्हरनंतरच्या लिंकने. दुसऱ्याचा टो मारून मेळ जमवू नका. तसं केलं की दोन्ही टायर जातात.

वाडीकर:
सरळ रस्त्यावर ठीक, पण वळताना दोघे सारखेच वळतात ना?

कमानपाटा:
नाही भाऊ. मागच्या दोन एक्सलच्या मध्यापासून पहिला एक्सल 5 मीटर आणि दुसरा 3.6 मीटर असेल, तर पहिला 30 अंश वळला की दुसरा साधारण 23 अंशच वळायला हवा. हा फरक लिव्हरच्या लांबीतून येतो. म्हणून लिव्हर बदलताना भोकांचं अंतर जुन्याशी जुळवा, दिसायला सारखा आहे म्हणून बसवू नका.

जुनं लोखंड:
एक राहिलं. कमानीचे (स्प्रिंगचे) पाटे मधोमध धरणारा सेंटर बोल्ट तुटला की एक्सल कमानीवर मागे सरकतो आणि एक्सल कमानीला आवळणारे यू बोल्ट वरून घट्टच दिसतात. दोन्ही बाजूंना पहिल्या ते दुसऱ्या एक्सलचं अंतर टेपने मोजा. फरक निघाला तर लिंकला हात लावण्याआधी कमान खोला.