पहिल्या अल्बमपासून शेवटच्यापर्यंत

एखाद्या रॉक बँडची अख्खी कारकीर्द ओळीने ऐकली आहे का कधी? निवडक गाणी नव्हेत. पहिल्या अल्बमपासून शेवटच्यापर्यंत, मधलं काहीही न गाळता. ऐकली असेल तर इथे लिहा. कोणाला ऐकलंत, काय हाती लागलं आणि मत कशावरून बनवलंत, हे आलं तर उत्तम. सुरुवात मी करतो.

पिंक फ्लॉइड म्हटलं की १९७३चा 'द डार्क साइड ऑफ द मून' ते १९७९चा 'द वॉल' एवढाच पट्टा बहुतेकांना ठाऊक असतो. मला ओढ होती ती त्याआधीच्या वर्षांची. १९६७च्या पहिल्या अल्बमवर सिड बॅरेटची छाप आहे आणि पुढच्याच वर्षी तो बँडबाहेर पडला. गाणी रचणारा माणूसच गेल्यावर बाकीच्यांनी काय केलं, ते मधल्या अल्बममध्ये ऐकू येतं. 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स'च्या शीर्षकरचनेत ते लांब रचनेची चाचपणी करतात. 'उमागुमा'च्या स्टुडिओतल्या भागात चौघे चार दिशांना जातात. 'ॲटम हार्ट मदर'मध्ये पितळी वाद्यं आणि समूहगान घेऊन रेकॉर्डची एक पूर्ण बाजू भरतात. यातलं एकही मला पुरतं जमलेलं वाटत नाही. मग १९७१च्या 'मेडल'मध्ये 'एकोज' येतं, तेवीस मिनिटांहून मोठं. रिचर्ड राइटच्या पियानोचा एकच स्वर लेस्ली स्पीकरमधून, म्हणजे आवाज गरगरवणाऱ्या फिरत्या स्पीकरमधून, काढलेला. तो वाजतो, विरतो, पुन्हा वाजतो आणि त्याच्याभोवती सगळी रचना उभी राहते. आधीचे अल्बम कानांत ताजे असतील तर लगेच उमगतं की इतकी वर्षं ते हेच शोधत होते.

१९७२चा 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' चित्रपटासाठी केलेला म्हणून लोक वगळतात. कृपया वगळू नका. त्यातल्या 'फ्री फोर'मध्ये रॉजर वॉटर्स मरणाबद्दल आणि युद्धात गेलेल्या वडिलांबद्दल बोलतो, तेही चांगल्या उडत्या ठेक्यावर. तेच दुःख पुढे 'द वॉल'मधून १९८३च्या 'द फायनल कट'पर्यंत येतं.

* * *

ऐकायच्या आधी यादी पक्की करा, हे माझं पहिलं सांगणं. बीटल्स ऐकताना मला याचा फार उपयोग झाला. 'लेट इट बी' मे १९७०मध्ये आला, म्हणजे प्रकाशनाच्या क्रमाने शेवटचा. पण त्याचं बरंचसं ध्वनिमुद्रण जानेवारी १९६९चं, 'ॲबी रोड'च्या आधीचं. मी 'ॲबी रोड' शेवटी ठेवला. दुसऱ्या बाजूवरची एकात एक गुंफलेली गाणी संपून तिथेच सगळं थांबतं, आणि हा शेवट त्या चौघांना शोभतो.

दुसरं म्हणजे ब्रिटिश आवृत्तीच घ्या. 'रिव्हॉल्व्हर'च्या अमेरिकन आवृत्तीत चौदाऐवजी अकराच गाणी होती, आणि गाळलेली तिन्ही लेननची. तेवढ्यावरून कोणी म्हणालं की या अल्बमवर मॅकार्टनी वरचढ आहे, तर ते मत कोणावर बेतलेलं? 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर', 'हे ज्यूड' ही गाणी एकेरी रेकॉर्ड म्हणून आली. ब्रिटनमध्ये तेव्हाच्या कोणत्याही स्टुडिओ अल्बमवर ती नव्हती. ती त्या त्या वर्षाच्या जागी बसवून ऐकावीत.

* * *

मी टॉक टॉक ऐकला. फक्त पाच स्टुडिओ अल्बम, १९८२ ते १९९१. ज्यांना मोठ्या यादीची धास्ती वाटते त्यांनी इथून सुरुवात करावी असं मी आवर्जून सांगेन.

पहिल्या अल्बमवर त्या काळचा चकचकीत सिंथेसायझर आहे आणि शेवटच्यावर शांतता हेच जणू मुख्य वाद्य आहे. दोन्ही एकाच बँडचे आहेत हे नुसतं सांगून कोणाला पटणार नाही. ओळीने ऐकलं की मात्र सांधा सापडतो. मला तो तिसऱ्या अल्बमवर सापडला, १९८६च्या 'द कलर ऑफ स्प्रिंग'वर. तिथली गाजलेली गाणी मोठ्या आवाजाची आहेत, पण 'एप्रिल फिफ्थ' आणि 'कॅमेलियन डे' ऐका. ड्रम जवळजवळ नाहीतच. गायक मार्क हॉलिस शब्द सोडतो आणि पुढच्या शब्दापर्यंत बराच वेळ काहीच घडत नाही. १९८८चा 'स्पिरिट ऑफ ईडन' या दोन गाण्यांतूनच उगवलाय. तिथे ट्रंपेटचा एक लांब स्वर येतो, मग काही काळ नुसती हालचाल, आणि कितीतरी वेळाने हार्मोनिका फाटलेल्या आवाजात मधोमध शिरते. बऱ्याच वादकांकडून उत्स्फूर्त वाजवून घ्यायचं, त्यातलं थोडंच ठेवायचं आणि तुकडे जोडत रचना बांधायची, अशी त्यांची पद्धत होती.

गुणांचं विचाराल तर मी पहिल्या ऐकण्यात गुण देत नाही. त्यांच्या शेवटच्या अल्बमला, 'लाफिंग स्टॉक'ला, पहिल्यांदा ऐकून कोणी आकडा दिला तर तो आकडा अल्बमचा नसतो, त्या दिवशीच्या आपल्या मनःस्थितीचा असतो.

* * *

ब्लॅक सॅबथ. पहिले तीन अल्बम एका बैठकीत ऐकावेत, दीड वर्षाच्या आत आलेले आहेत. गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. तिसऱ्या अल्बमवर, 'मास्टर ऑफ रिॲलिटी'वर, काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली आहे. तारा सैल होतात, बोटांना सोपं जातं आणि आवाज जाडजूड होतो. सलग ऐकताना 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' सुरू झालं की हा फरक थेट छातीत जाणवतो. सुटं ऐकून तो इतका जाणवत नाही.

* * *

नील यंगचा 'ट्रान्स' (१९८२) यादीत आला तिथे मी अडखळले. गिटारवाल्या माणसाचा आवाज व्होकोडरमधून, यंत्रासारखा. पुढच्या वर्षी तर त्याच्या कंपनीने 'हे तुझ्या नेहमीच्या संगीतासारखं नाही' अशा आशयाचा खटलाच भरला. यंगने नंतर सांगितलं की यामागे त्याचा मुलगा होता. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याला बोलता येत नव्हतं. हे कळल्यावर 'ट्रान्सफॉर्मर मॅन'मधले न कळणारे शब्द माझ्यासाठी वेगळेच झाले. संवाद पोचत नाही, हाच तर विषय आहे!

इथे एक प्रश्न मनापासून विचारते. अशी माहिती मिळाल्यावर अल्बमचं मोल वाढवावं का? माझं उत्तर असं: गाण्याला अर्थ मिळाला तर मोल वाढवावं, नुसती कणव वाटली म्हणून नाही. 'ट्रान्सफॉर्मर मॅन' वर गेलं. त्याच अल्बमवरची काही गाणी होती तिथेच राहिली.

* * *

वरच्या प्रश्नाला जोडून रश या बँडचं सांगतो. १९९७ आणि १९९८मध्ये ड्रमर नील पिअर्टची मुलगी आणि पत्नी लागोपाठ गेल्या. त्यानंतर २००२मध्ये 'व्हेपर ट्रेल्स' आला. 'वन लिटल व्हिक्टरी' उघडतं ते पिअर्टच्या ड्रमनेच, दोन्ही पायांनी सुसाट. परत आलेला माणूस ऐकू येतो. पण सगळा अल्बम इतका चढवून मिक्स केलाय की झांजा करकरतात आणि तिघांची वाद्यं एकमेकांवर आदळतात. आधीचा 'मूव्हिंग पिक्चर्स' (१९८१) ऐका, प्रत्येक वाद्याला ऐसपैस जागा आहे, आणि मग हा लावा, कान दमतात. २०१३मध्ये नव्याने मिक्स केलेली आवृत्ती आली, तिच्यात बेसवादक गेडी ली काय वाजवतोय ते नीट कळतं.

मी दोन निकाल वेगळे लिहिले: गाण्यांचा एक, ध्वनीचा एक. मूळ आवृत्तीवर गाणी उत्तम, ध्वनी त्रासदायक. दोन्हींची सरासरी काढली असती तर अल्बम मध्यम ठरला असता, आणि मध्यम तो नक्कीच नाही.

* * *

'ट्रान्स'बद्दल लिहिणाऱ्यांशी सहमत. दोन निकाल वेगळे ठेवायची पद्धत तर मी आता उचलणारच आहे, १९५० आणि १९६०च्या दशकांतली जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना ती फार कामाची पडेल.

माझी पुढची यादी जेनेसिसची. १९६९पासून १९९७पर्यंत पंधरा स्टुडिओ अल्बम. १९७५मध्ये गायक पीटर गॅब्रिएल बँड सोडून गेला आणि ड्रमर फिल कॉलिन्स गाऊ लागला. १९७७मध्ये गिटारवादक स्टीव्ह हॅकेटही गेला. गॅब्रिएलच्या काळातला 'फॉक्सट्रॉट' आणि कॉलिन्सच्या काळातला 'इनव्हिजिबल टच' यांच्यात एखादा सांधा आहे का, तेच मला शोधायचंय. १९७७चा 'सेकंड्स आउट' हा मैफिलीतला अल्बम मध्ये घ्यावा असं मन सांगतंय, कारण जुनी गाणी कॉलिन्सच्या गळ्यातून तिथे ऐकता येतात. ज्यांनी सगळा जेनेसिस ऐकलाय त्यांनी सांगा, तो क्रमातच घेऊ की स्टुडिओचे सगळे संपल्यावर?